अंदाजपत्रकातला मिस्त्री

देवणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला बैल आठवतो. त्यात आम्हाला वाईट वाटायचं काही कारण नाही. काळ्या-पांढऱ्या अंगाची ही जात महाराष्ट्राबाहेरही ओळखली जाते, आणि वानेरा, बाळंक्या, शेवरा हे तिचे तीन प्रकार इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. जनावरांच्या बाजारात जुनी माणसं भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटांनी सांगतात. दात बघतात, चाल बघतात आणि आकडा ठरतो. कागद नाही, पेन नाही. याला अंदाज म्हणतात.

आमच्या घरात हाच शब्द दुसऱ्या धंद्यात चालतो. अब्बा मिस्त्री. धाकटा भाऊ मिस्त्री, दोन चाचा मिस्त्री, मामू सेंट्रिंगवाले. बी.एड. झालेली मी एकटीच. उर्दू शाळेत गणित शिकवते. कुणी घर बांधायचं म्हणून अब्बांना बोलावलं की ते प्लॉटवर जातात, पावलांनी लांबी-रुंदी मोजतात, पायाच्या जागेची माती चपलेने उकरून बघतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि एक आकडा सांगतात. घरमालक त्यातून थोडं तोडतो. चहा होतो, काम ठरतं. आमच्याकडे याला उक्तं घेणं म्हणतात.

'अंदाजपत्रक' हा शब्द मला फार आवडतो. अंदाज फारसीतून आलेला, पत्रक संस्कृतातलं. दोघांचा संसार मराठीत सुखाने चालला आहे. बांधकामाच्या धंद्यात तर असे शब्द पदोपदी भेटतात. मजूर, बिगारी, मुकादम, नकाशा, बयाणा, रक्कम, हिशेब. हे सगळे फारसी-अरबीतून उर्दूत, दखनीत, मराठीत आलेले. शब्द आपल्या घरातले, आणि आमच्या भागात थापी धरणारे हातही बरेचसे आपलेच. पण अंदाज मिस्त्रीकडे राहिला आणि पत्रक इंजिनिअरकडे गेलं. गेली अडीच वर्षं बाजारच्या दिवशी मगरिबनंतर आमच्या ओसरीवर आठ-नऊ मिस्त्री जमतात आणि मी त्यांना ते पत्रक शिकवते. त्याबद्दल लिहायचं आहे.

आधी अब्बांच्या शिक्षणाबद्दल सांगते, कारण ते अगदीच अडाणी मिस्त्री नाहीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते तिशीत होते. किल्लारी तिकडे औसा तालुक्यात, आमच्यापासून लांब. पण हादरा लातूर आणि उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांच्या हाडांत बसला. सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन गेली. नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम चालला, नवी गावं वसली, आणि न पडलेल्या पण तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरणही झालं. त्या वेळी मिस्त्रींना प्रशिक्षण मिळालं. अब्बा त्यात होते. दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड का घालायचा, दारा-खिडकीच्या वर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा का हवा, कोपऱ्यात सळई कशी अडकवायची, हे सगळं ते तेव्हा शिकले आणि आजपर्यंत विसरले नाहीत. आमच्या गल्लीत कुणी पट्टा वाचवायला निघाला तर अब्बा त्याच्याशी भांडतात. भिंत पडू नये कशी, हे त्यांना शिकवलं गेलं. भिंतीची किंमत कशी काढायची, हे मात्र त्यांच्या वाट्याला आलं नाही. ती त्यांनी चाळीस वर्षं नजरेने काढली.

आता भावाची गोष्ट. २०२३च्या उन्हाळ्यात त्याने एक घर मजुरीने उक्तं घेतलं. माल मालकाचा, मजुरी याची. ८०० चौरस फूट, फुटाला २५० रुपये, म्हणजे दोन लाख. काम संपलं, आणि एका रात्री जेवताना तो खुशीत म्हणाला, "आपा, बासष्ट हजार सुटे." अम्मीने लगेच मिठाई आणायला सांगितलं. मी शिक्षिका, मिठाईच्या आधी वही मागवली.

दोन लाखांतून त्याने बिगारी, दुसरे दोन मिस्त्री आणि सेंट्रिंगच्या पोरांना मिळून १ लाख ३८ हजार दिले होते. उरले ६२ हजार, हे खरं. मी विचारलं, "तू स्वतः किती दिवस कामावर होतास?" त्याला लगेच सांगता आलं नाही. मग बाजारचे दिवस, ईद, एक लग्न, दोन दिवसांचा ताप असं वजा करत करत आम्ही ९४ दिवसांवर आलो. "दुसऱ्याच्या कामावर गेला असतास तर रोज किती?" "आठसौ." मी लिहिलं. ९४ गुणिले ८०० म्हणजे ७५ हजार २००. त्यातून हातात आले ६२ हजार. १३ हजार २०० कमी.

बराच वेळ तो त्या आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मतलब मय मेरेच पास फुकट राब्या?"

पूर्ण फुकट नाही, पण कामावरच्या सगळ्यांत कमी रोज त्याला पडला होता. बिगाऱ्याची मजुरी बुडाली नव्हती, सेंट्रिंगची बुडाली नव्हती. बुडाली होती फक्त ठेकेदाराची. आणि तोच मिठाई वाटणार होता. शिवाय जबाबदारी त्याची, रात्री झोप उडालेली त्याची, स्लॅबच्या दिवशी मिक्सर वेळेवर आला नाही म्हणून बोलणी खाल्ली ती त्याने. भाभी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला जात होती, ते तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मला त्या रात्री नवल याचं वाटलं की हा हिशेब अवघड अजिबात नव्हता. माझ्या सहावीच्या मुली तो फळ्यावर करतील. मग चाळीस वर्षांत अब्बांनी, दहा वर्षांत भावाने तो का केला नाही? दुसऱ्या दिवशी अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "ठेका लिया तो आपुन मालक हुए. मालक खुदकू रोज लगाता क्या?" उत्तर या वाक्यात आहे असं मला वाटतं. बिगारीपासून मिस्त्री व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, मिस्त्रीपासून ठेकेदार व्हायला आणखी तितकीच. ज्या दिवशी माणूस पहिलं काम अंगावर घेतो त्या दिवशी तो रोजंदारीतून सुटतो, अशी त्याची समजूत असते. मग पुन्हा स्वतःच्याच नावापुढे 'रोज' लिहायचा म्हणजे खाली उतरल्यासारखं वाटतं. म्हणून तो स्वतःला कागदातून काढून टाकतो आणि उरेल ते नशीब समजतो. सरकारी दर काढतात ते असं काढत नाहीत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणात माल, मजुरी, यंत्रं सगळं धरून झाल्यावर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के वेगळे लावतात. मजुरी वेगळी, नफा वेगळा. आमच्याकडे दोन्ही एकाच घमेल्यात.

तर असा वर्ग सुरू झाला. भाऊ, त्याचे दोन दोस्त, एक खालाजाद भाऊ, मग चाचा. पुढे एक वडार समाजाचे काका आले आणि बौद्धवाड्यातला एक पोरगा आला, कारण नुकसानीत जाण्याच्या बाबतीत आमच्या गावात कसलाही भेदभाव नाही. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही मला आपा म्हणतात. पहिले काही दिवस चाचांना पुतणीसमोर वही घेऊन बसणं जड गेलं. ते भिंतीकडे तोंड करून लिहायचे. हळूहळू वळले.

मी काही इंजिनिअर नाही. लातूरला सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या मामेभावाची जुनी पुस्तकं आणली, अडलं तिथे त्याला फोन केला, आणि स्वतः आधी शिकून मग शिकवलं. खरी अडचण गणिताची नव्हतीच. भाषेची होती. टेंडरच्या अटी मराठीत, दरसूची इंग्रजीत, मिस्त्रीचं बोलणं दखनीत आणि जे काय शिक्षण झालं ते उर्दूत. मिस्त्री फुटात आणि ब्रासमध्ये विचार करतो, सरकारी कागद घनमीटरमध्ये. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर, हे ओसरीच्या भिंतीवर खडूने मोठं लिहून ठेवलं. उर्दूच्या पुस्तकात क्षेत्रफळाला रकबा म्हणतात आणि घनफळाला हजम. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "आज हजम काढायला शिकू," तर मागून कुणीतरी बोललं, "वो तो बडे ठेकेदारांकू आता, आपा!" आमच्या बोलीत आकारमानाचा हजम आणि पचवण्याचा हजम एकसारखाच ऐकू येतो. त्या दिवशी शिकवणं फारसं झालं नाही, पण शब्द कुणी विसरलं नाही.

सुरुवात एका भिंतीने केली. दहा फूट लांब, दहा फूट उंच, नऊ इंची वीटकाम. ७५ घनफूट, पाऊण ब्रास. मी गणित मांडायच्या आधी खाटेवर पडलेल्या अब्बांना विचारलं, "अब्बा, किती विटा?" त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "हजार-ग्याराशे." वीट नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची धरून, सांध्यासकट हिशेब केला तर उत्तर आलं १ हजार ६५च्या आसपास. सगळे हसले, अब्बाही हसले. त्या भिंतीला एकास सहाच्या मसाल्याने साधारण सव्वातीन पोती सिमेंट लागतं; ते त्यांनी "तीन-साडेतीन" सांगितलं. मला हे मुद्दाम नोंदवायचं आहे. या माणसांना काही येत नाही आणि आम्ही शिकलेले त्यांना शिकवतो आहोत, हा समज आमच्या लोकांच्या व्यासपीठांवर फार आहे. विटांच्या बाबतीत, सिमेंटच्या बाबतीत, वाळूच्या बाबतीत या लोकांची नजर पुस्तकाच्या जवळजवळ बरोबर येते. वहीत नवीन काय आलं असेल तर स्वतःचा रोज, आणि काही बारीकसारीक गळती, जी नजरेला दिसत नाही.

स्लॅबचं उदाहरण घ्या. ६०० चौरस फुटांचा स्लॅब, जाडी पाच इंच. २५० घनफूट, सुमारे सात घनमीटर. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे आठेक पोती सिमेंट धरलं तर ५६-५७ पोती. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मग मी विचारलं, सेंट्रिंग नीट टेकवलं नाही, प्लेटा मध्ये थोड्या बसल्या आणि जाडी सरासरी अर्धा इंच वाढली तर? अर्ध्या इंचाला कोण विचारतो, असा सगळ्यांचा चेहरा. गुणाकार केला. २५ घनफूट जास्त. जवळपास सहा पोती सिमेंट, शिवाय खडी आणि वाळू. मालासकट उक्तं घेतलेलं असेल तर ही सहा पोती मिस्त्रीच्या खिशातून जातात, आणि जाताना दिसतही नाहीत. मामू सेंट्रिंगवाले त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात आले होते. "ये तू मेरेकूच सुना रही ना?" म्हणाले. नव्हते सुनावत, पण त्यानंतर त्यांनी ओळंब्यासारखीच लेव्हलची नळीही सोबत ठेवायला सुरुवात केली.

सळईचं वजन काढायचं सूत्र त्यांना जादूसारखं वाटलं. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, १६२ने भागा, मीटरला किलो येतात. बारा एमएमची बारा मीटरची सळई साडेदहा किलोच्या वर भरायला हवी. एकाने दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन वजन करायला लावलं. दुकानदार अजून त्याच्यावर खार खाऊन आहे.

प्लॅस्टरच्या मोजमापावरून जुने वाद असतात. मिस्त्री म्हणतो खिडकी कापायची नाही, मालक म्हणतो भोकाचे पैसे कसले घेतोस. मोजमापाचं भारतीय मानक, आयएस १२००, यात मधला रस्ता आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट, आणि बगला वेगळ्या मोजायच्या नाहीत. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंची वजावट, पण बगला मोजून घ्यायच्या. हा नियम मिस्त्रींनी इतका पाठ केला की आता ते घरमालकाला नंबर सांगतात, "बाराशेमें लिखेला हय." भांडणं कमी झाली असं नाही, पण आता ती नियमावर होतात.

चाचांचा आक्षेप वेगळा होता. ते म्हणाले, काम सुरू व्हायच्या आधीच पैशापैशाचा हिशेब मांडला तर बरकत जाते; देनेवाला अल्लाह आहे. घरोघरी ऐकू येणारं हे बोलणं आहे आणि ते मला सरसकट हसण्यावारी न्यायचं नव्हतं. मी त्यांना सूरह बकराच्या २८२व्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत. आणि ती आहे कशाबद्दल? देण्याघेण्याबद्दल. मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय. चाचांनी शुक्रवारी इमामसाहेबांना विचारून खात्री करून घेतली. त्यानंतर बरकतीचा मुद्दा निघाला नाही. कंटाळ्याचा मात्र अधूनमधून निघतो.

बाहेर काय चाललं आहे तेही वर्गात बोलतो. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, महाराष्ट्रात महमूदुर रहमान अभ्यासगटाचा २०१३मध्ये. आमचा समाज नोकरीत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहे, बँका कर्ज देताना हात आखडतात, हे त्यांतून सर्वांना कळलं. त्यावर आपल्या संमेलनांत भाषणं खूप झाली. पण स्वयंरोजगार करणारा माणूस त्या रोजगारात स्वतःला किती पगार देतो, हा प्रश्न मी तरी कुठल्या व्यासपीठावर ऐकला नाही. १७ सप्टेंबर २०२३ला, म्हणजे आमच्या मराठवाडा मुक्तिदिनीच, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत राजमिस्त्री आहे. थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. चांगलं आहे. पण कर्ज घेऊन उक्तं काम घेणाऱ्याचा आकडा जर मुळात १३ हजारांनी कमी असेल तर कर्ज त्याला बुडायला मदतच करील.

आमची हद्द कर्नाटकाला, बीदर जिल्ह्याला लागून आहे. तिकडची बातमी इकडे आधी कळते. मार्च २०२५मध्ये कर्नाटकच्या विधिमंडळाने दोन कोटींपर्यंतच्या सरकारी कामांत २-ब प्रवर्गाला, म्हणजे मुस्लिमांना, चार टक्के आरक्षण देणारं विधेयक मंजूर केलं. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवलं. आमच्या ओसरीवरही दोन तट पडले. अमेरिकेत अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी १९६९मध्येच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी कार्यालय उघडलं होतं, आणि तिथे वंचित समाजातल्या छोट्या उद्योजकांना कामाबरोबर व्यवस्थापनाचं शिक्षण द्यायचीही सोय आहे, हे मी सांगितलं. वडारकाका म्हणाले, "काम राखून ठेवलं तरी ते भरायचं कुणी, बाई? आकडा तर आपल्यालाच टाकावा लागणार." त्यांचं म्हणणं मला पटतं. सरकारी कामात तर आकड्याच्या पोटात आकडे असतात. १८ जुलै २०२२पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२चा १८ टक्के झाला. बिलातून आयकर कापतात, एक टक्का कामगार उपकर कापतात, गौण खनिजाची रॉयल्टी, सुरक्षा ठेव. हे न धरता 'बिलो' भरलेलं टेंडर मिळालं तर पेढे वाटायचे की कुलूप लावायचं, हे सहा महिन्यांनी कळतं. म्हणून आमचे बहुतेक मिस्त्री टेंडर भरतच नाहीत. भरतो दुसरा, बोर्डावर नाव त्याचं; आमचा माणूस त्याच्याकडून पेटी ठेका घेतो, तोही तोंडी.

सगळ्यात कठीण प्रसंग गेल्या वर्षी आला. भावाने एका घराचं अंदाजपत्रक लिहून दिलं. दोन पानं, स्वच्छ अक्षरात. पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लॅस्टर असे हप्ते पाडलेले, स्वतःचा रोज धरलेला, वर दहा टक्के. एकूण मजुरी २ लाख ८४ हजार. घरमालकाने पानं उलटसुलट करून बघितली, कौतुक केलं आणि काम दुसऱ्याला दिलं. दुसऱ्याने तोंडी २ लाख ४० हजार सांगितले होते. दुसरा म्हणजे आमचा खालाजाद भाऊच, वर्गात दुसऱ्या रांगेत बसणारा.

भाऊ माझ्यावरच उखडला. "तेरे कागदनं मेरा काम गमाया." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. एकट्यानेच हिशेब केला तर काम जातं, हे बाजाराचं गणित आहे, आणि ते माझ्या पुस्तकात नव्हतं. पुढच्या बैठकीला खालाजाद भाऊ आला, हे त्याचं धाडस. मी काही न बोलता त्याच घराचा नकाशा भिंतीवर काढला आणि सगळ्यांना अंदाजपत्रक करायला सांगितलं. त्याने स्वतःच्या वहीत केलं. उत्तर आलं २ लाख ७८ हजार. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "मालूम था आपा. घर में दो महिने काम नव्हतं. मेरेकू काम होना था." कुणी काही बोललं नाही. ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याला दर पडू देऊ नकोस म्हणून सांगायला तोंड लागतं.

ते घर त्याने पूर्ण केलं. शेवटच्या मजुरीसाठी बायकोचे दागिने तारण ठेवले, आणि मग चार महिने हैदराबादला टाइल्सच्या कामावर गेला. परत आल्यावर पुन्हा वर्गात बसला. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट ठरली, आणि ती माझ्या सांगण्यावरून ठरलेली नाही. वडारकाकांनी काढली. आमची जमीन काळी. कुठे तीन फुटांवर मुरूम लागतो, कुठे सहा फूट गेलं तरी चिकणी मातीच. उक्तं काम बुडतं ते बहुतेक वेळा जमिनीच्या खालीच बुडतं. काका म्हणाले, "भाव ज्याने त्याने आपला लावा. पण पाया उक्त्यात घ्यायचा नाही. पाया मोजून." सगळ्यांनी हो म्हटलं. ओसरीवर आठ-नऊ आणि त्यांच्या ओळखीचे आणखी दहा-बारा, एवढ्यांनी ते पाळलं की घरमालकाला दुसरीकडे जायला फारशी जागा राहत नाही. आतापर्यंत पाळलं गेलं आहे. एकदा मोडलं, ते मामूंनी. मामूंचं काय करायचं ते अजून ठरलं नाही.

याचा फायदा मिस्त्रीलाच होतो असंही नाही. घरकुलाचे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळणारी एक विधवा बाई अब्बांकडे आली होती. कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तिला कुणीतरी मोठ्या हॉलचं चित्र दाखवलं होतं. भावाने तिच्यासमोर वही उघडली आणि कोणत्या हप्त्यात कुठपर्यंत भिंत येते ते तिला बोट ठेवून दाखवलं. हॉल गेला, पण छत झालं. जोत्यावर थांबलेली घरकुलं आमच्या भागात कमी नाहीत. त्यांत आता बाभळी उगवल्या आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या वहीतले मालाचे दर खोडून पुन्हा मांडले. मला न विचारता. अब्बाही आता रात्री चष्मा लावून एखादी वही चाळतात आणि पेन्सिलीने विटांचा आकडा दुरुस्त करतात. त्यांची दुरुस्ती बहुतेक बरोबर असते. भाऊ स्वतःचा रोज दुसऱ्या ओळीत लिहितो, इतर मिस्त्रींच्या लगेच खाली. पहिल्या ओळीत लिहायला अजून लाजतो.

गेल्या महिन्यात आम्ही एका घराच्या मजुरीचं पत्रक करत होतो. स्लॅबनंतर 'पाणी मारणे, १४ दिवस' अशी ओळ भावाने लिहिली, कारण मी भाभीची आठवण दिली होती. पुढचा रकाना भरायच्या आत भाभी चहा घेऊन दारात उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "रोज कौनसा लिखते? बाईका या मर्दका?" आमच्याकडे गड्याचा आणि बाईचा रोज सारखा नसतो, हे कुणाला सांगायला नको. चाचांनी चहाच्या कपात बघितलं. मामू म्हणाले, पाणी मारायला कितीसा वेळ लागतो. भाभी म्हणाली, "फिर तुमीच मारो ना." भावाने पेन टेकवलं आणि उचललं. त्या संध्याकाळी रकाना रिकामा राहिला. पुढच्या बाजारच्या दिवशी सात वह्या आल्या. त्यांतल्या दोन वह्यांत त्या ओळीपुढे आकडा होता, आणि ते दोन आकडे वेगवेगळे होते.